गाडीवर काही चढवण्याआधी: ड्युअल-स्पोर्ट मोटरसायकलची निगा आणि बदल

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याहून मोठ्या गाड्यांवरचा, उपकर धरून ३१ टक्के होता तो ४० टक्के झाला. त्यामुळे दोनशे-सव्वादोनशे सीसीची, डांबरावरही चालणारी आणि माळरानावरही जाणारी गाडी घ्यायची तर हिशोब पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. नाशिककरांना तर तिचा मोह पडणारच. शहर सोडलं की तासाभरात त्र्यंबक-हरसूलकडचे कच्चे रस्ते लागतात, दुसऱ्या बाजूला सिन्नर-येवल्याचे माळ.

गाडी घरी येते आणि पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीच खरेदी सुरू होते. क्रॅश गार्ड, जादा लाईट, मागे पत्र्याच्या पेट्या, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. माझं ठाम मत आहे की हा क्रम चुकीचा आहे. आधी टायर, शॉकअप, चेन आणि फिल्टर. यातलं बरंचसं काम पैशाशिवाय, फक्त वेळ देऊन होतं. वजन वाढवणारी वस्तू त्यानंतर, आणि तीही ‘ही कशासाठी?’ याचं उत्तर देता आलं तरच. असं का, हे समजायला आधी ही गाडी कशी बांधलेली असते ते बघू.

ही गाडी वेगळी कशात?

नंबरप्लेट, आरसे, इंडिकेटर असलेली, रस्त्यावर कायदेशीर चालणारी, पण दगडधोंड्यांच्या वाटेचा विचार करून बांधलेली गाडी म्हणजे ड्युअल-स्पोर्ट. हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही हे ओळखीचं उदाहरण. तिचं पुढचं चाक २१ इंचांचं आहे. चाक जितकं मोठं, तितकं ते दगडाला वरच्या अंगाने भिडतं आणि चढून जातं. लहान चाक त्याच दगडाला समोरून धडकतं. दुसरी गोष्ट म्हणजे ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली किती सरकू शकतं ते अंतर. या गाडीत ते पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर आहे. तिसरी गोष्ट पोटाखालची मोकळी जागा, जिला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. स्प्लेंडरला ती १६५ मिलिमीटर असते, इथे २२०.

ज्यामुळे ही गाडी कच्च्यात चालते, त्यामुळेच ती पक्क्या रस्त्यावर थोडी अडते. सीट उंच होते, ब्रेक दाबला की पुढचं तोंड जास्त खाली जातं, मोठं चाक वळणात सावकाश कलतं. याच गाडीच्या ‘प्रो’ आवृत्तीत ट्रॅव्हल पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर केला, ग्राउंड क्लिअरन्स २७० झाला आणि सीट जमिनीपासून ८९१ मिलिमीटरवर गेली. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला सिग्नलला दोन्ही पाय टेकवणं अवघड. एका बाजूला मिळवलं की दुसऱ्या बाजूला काहीतरी द्यावं लागतं. हे कुठल्याही बदलाला लागू आहे, आणि दुकानात उभं असताना नेमकं हेच विसरायला होतं.

आपण कुठल्या मातीत जाणार?

नाशिक जिल्ह्यात दोन अगदी वेगळ्या जमिनी आहेत. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा पावसाचा पट्टा. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे तांबडी माती, उघडा कातळ आणि जुलैपासून त्यावर शेवाळ. पूर्वेला निफाड, येवल्याकडे काळी माती. उन्हाळ्यात तिची बारीक धूळ उडते आणि पाऊस पडला की ती पाणी पिऊन फुगते.

काळ्या मातीत गाडी अडकण्याचं कारण बहुतेक वेळा इंजिनाची ताकद कमी पडणं हे नसतं. ओली माती टायरला चिकटते, मडगार्डखाली दाटते आणि पुढचं चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी क्लच अर्धा धरून रेस देत राहिलं की क्लच प्लेट जळतात आणि गाडी तिथेच राहते. चाक आणि मडगार्ड यांच्यात जागा जास्त असेल तर फरक पडतो. नसेल तर काठीने माती काढत जायचं, किंवा पावसानंतर वाट सुकेपर्यंत एक-दोन दिवस थांबायचं. थांबणं हाच बहुतेकदा शहाणपणाचा उपाय आहे. कांद्याच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या वाळल्या की आणखी त्रास देतात. त्यात पुढचं चाक एकदा गेलं की ते चाकोरीनेच चालतं. हँडल ओढून बाहेर काढायला जाल तर पडाल. वेग कमी ठेवून, नजर लांब ठेवून, चाकोरी उथळ होते तिथेच बाहेर यायचं.

म्हणून ‘कुठला टायर घेऊ?’ याचं एकच उत्तर नाही. तुम्ही जास्त वेळा त्र्यंबक रोडने बाहेर पडता की येवल्याकडे, आणि वर्षातल्या कुठल्या महिन्यांत, यावर ते ठरतं.

शॉकअपमध्ये नेमकं काय घडतं?

बँकेच्या काचेच्या दाराला वर डोअर क्लोजर बसवलेला असतो. त्यात स्प्रिंग असते, ती दार परत ओढते, आणि तेल असतं, ते दाराला धाडकन आपटू देत नाही. शॉकअपमध्ये हीच दोन कामं चालतात. स्प्रिंग तुमचं वजन पेलते. तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि स्प्रिंगची उसळी शमवतं. या शमवण्याला डॅम्पिंग म्हणतात. तेल खराब झालं किंवा गळालं, की खड्ड्यानंतर गाडी एकदा दबून शांत न होता दोन-तीनदा उसळत राहते. डांबरावर ते फार जाणवत नाही. खडीच्या उतारावर मात्र चाक जमिनीपासून सुटतं, आणि सुटलेलं चाक ना ब्रेक लावू देतं ना वळू देतं.

आता सर्वात उपयोगाचं आणि फुकटचं काम: सॅग मोजणं. तुम्ही बसल्यावर गाडी किती खाली बसते, ते अंतर म्हणजे सॅग. मागचं चाक अधांतरी राहील अशी गाडी उचला आणि मागच्या अॅक्सलपासून, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्यापासून, सरळ वर, शेपटीवरच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत टेपने मोजा. मग बूट, हेल्मेट, पाठीवरची बॅग, सगळं घालून गाडीवर बसा आणि दुसऱ्या कुणाला तेच अंतर मोजायला सांगा. दोन मापांतला फरक एकूण ट्रॅव्हलच्या साधारण तीस टक्के असावा. १७० मिलिमीटरच्या गाडीत तो पन्नासच्या आसपास येतो.

फरक फार जास्त असेल तर प्रीलोड वाढवायचा. प्रीलोड म्हणजे स्प्रिंगला आधीच किती दाबून ठेवलं आहे ते. मागच्या शॉकअपवरची खाचांची रिंग फिरवून तो बदलतो. इथे एक गैरसमज मेकॅनिकपासून ग्राहकापर्यंत सगळीकडे आहे. ‘शॉकअप कडक करून दे’ म्हटलं की रिंग फिरवली जाते आणि शॉकअप कडक झाला असं दोघं मानतात. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर आणि वेढ्यांवर अवलंबून असतो, रिंग फिरवून तो बदलत नाही. रिंगने फक्त गाडी किती उंच उभी राहते ते बदलतं. तुमचं वजन नव्वद किलो असेल, मागे सामान असेल आणि रिंग शेवटच्या खाचेवर नेऊनही सॅग जास्तच राहत असेल, तर तुम्हाला जड स्प्रिंग हवी आहे. हा खर्च मी कुठल्याही गार्डच्या आधी करेन. तुम्ही हलके असाल आणि गाडी जवळजवळ बसतच नसेल, तर उलटी अडचण: चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागाच उरत नाही, आणि गाडी दगडागणिक उडते.

पुढच्या शॉकअपची काळजी साधी आहे. चकचकीत नळीवर चिखल वाळला आणि तसंच चालवलं की तो रबरी सीलच्या ओठात जातो, सील फाटतं आणि तेल नळीवरून ब्रेकच्या डिस्कपर्यंत पोहोचू शकतं. निघण्याआधी मऊ ओल्या फडक्याने नळ्या पुसायला मिनिटभर लागतं. नळ्यांवर रबरी घडीचे बूट, म्हणजे आवरणं, असतील तर ती काढू नका. दिसायला जुनाट वाटली तरी त्यांचं काम मोठं आहे. पुढच्या शॉकअपचं तेलही बदलावं लागतं. इंजिन ऑइल सगळ्यांच्या लक्षात असतं, हे तेल जवळजवळ कुणाच्याच नाही.

टायर, ट्यूब आणि हवा

या गाड्यांना बहुधा तारांची म्हणजे स्पोकची चाकं असतात, कारण दगडावर आपटल्यावर ती थोडी लवतात. अलॉय चाक तडकू शकतं. पण स्पोकच्या चाकात सहसा ट्यूब असते, म्हणून पंक्चर झाल्यावर बाहेरून दोरी भरून काम भागत नाही. चाक काढावं लागतं. हरसूलच्या पुढे संध्याकाळी हे पहिल्यांदा शिकण्यापेक्षा घरी अंगणात एकदा मागचं चाक काढून, टायर उतरवून, ट्यूब बदलून बघा. त्यातून दोन गोष्टी कळतात: तुमच्या अॅक्सलच्या नटाला कुठल्या मापाचा पान्ना लागतो, आणि तो पान्ना तुमच्या टूलकिटमध्ये आहे की नाही. जागा कमी असेल तर पुढची २१ इंची ट्यूब जवळ ठेवा. अडीअडचणीला ती मागच्या चाकात घालून घर गाठता येतं. मागची जाड ट्यूब पुढे जात नाही.

कच्च्या वाटेवर हवा कमी करतात, कारण मऊ टायर दगडाला कवेत घेतो आणि पकड वाढते. ट्यूबच्या गाडीत बरेच जण १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरतात. त्याहून खाली गेलं की दगडाच्या काठावर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. दुसरा धोका असा, की ढिला टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि व्हॉल्व मुळापासून फाटतो. म्हणून व्हॉल्वचा नट रिमवर घट्ट आवळू नका, तो वर टोपीला टेकवून ठेवा. टायर सरकू लागला की व्हॉल्व तिरका दिसेल आणि वेळेत कळेल. डांबरावर परत येताच पंपाने हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा. कमी हवेने महामार्गावर पळवलेला टायर तापतो.

मोठ्या खाचांच्या ‘नॉबी’ टायरबद्दल खूप आकर्षण आहे. मातीत ते फार छान काम करतात. पण त्यांचा डांबराला टेकणारा भाग कमी असतो, आणि पावसात कसारा घाटाच्या ओल्या, तेलकट वळणावर तुम्हाला नेमका तोच भाग हवा असतो. ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतर वाढतं, टायर लवकर झिजतो. ज्याचे बहुतेक किलोमीटर गंगापूर रोड ते अंबड एमआयडीसी असे कामावर जाण्या-येण्याचे आहेत, त्याने मधल्या जातीचा टायर घ्यावा. माप कंपनीचंच ठेवा.

स्पोक महिन्यातून एकदा पान्न्याने हलके वाजवून बघा. ताठ तार खणखणते, ढिली तार बद्द वाजते. एकदोन तारा ढिल्या असतानाच रिमचा आउट, म्हणजे डगमग, काढून घेतला तर काम थोडक्यात होतं.

चेन, फिल्टर, ऑइल

चेनची गोष्ट साध्या गाडीपेक्षा इथे थोडी वेगळी आहे. मागचं चाक खूप वर-खाली होतं, त्यामुळे चेनचा ताणही बदलत राहतो. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याचा) सांधा आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वात जास्त ताणली जाते. स्टँडवर उभ्या गाडीला चेन नीटनेटकी घट्ट करून दिली, तर तुम्ही बसल्यावर, खड्ड्यात गेल्यावर ती तारेसारखी ताठ होते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग ओढते. मॅन्युअलमध्ये दिलेली ढील ठेवा आणि कुणाला तरी गाडीवर बसवून पुन्हा तपासा. ओ-रिंगच्या चेनला तारेचा ब्रश आणि पेट्रोल लावू नका. आतलं ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी कड्या त्याने खराब होतात. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे.

पुढचं स्प्रॉकेट एका दातानं कमी करण्याचा बदल मला आवडतो. १४ चा १३ दात केला तर त्याच वेगाला इंजिन सात-आठ टक्के जास्त फिरतं. चढावर, चिखलात पहिला-दुसरा गिअर सावकाश आणि दमदार चालतो, क्लचवरचा ताण कमी होतो. बदल्यात महामार्गावर गाडी लवकर धापते. समृद्धी महामार्गावर दुचाकीला तसाही प्रवेश नाही आणि गावाकडच्या रस्त्यांवर ऐंशीच्या वर जायचं कारण नाही, त्यामुळे नाशिकच्या बहुतेकांना हा सौदा परवडतो. स्वस्त आहे, अर्ध्या तासात परत बदलता येतो.

एअर फिल्टर कागदाचा असेल तर तो धुवायचा नसतो, बदलायचा असतो. ओल्या कागदाची छिद्रं फाटतात आणि धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. धुळीत वाळूचे कण असतात. ते पिस्टनच्या रिंगा घासून काढतात आणि मग गाडी ऑइल खायला लागते. ग्रुपमध्ये दुसऱ्यांच्या मागे धूळ खात चालणाऱ्याचा फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकाआधीच भरतो. ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए२’ (मोटरसायकलच्या ऑइलची एक प्रत) लिहिलंय का बघा. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू शकतो.

पाणी ओलांडताना आणि नंतर

पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरी भागात ओढे ओलांडावे लागतातच. ज्या पाण्याचा तळ दिसत नाही, ते आधी पायी चालून बघा. पायी उभं राहवत नसेल तर गाडीने जायचं नाही. चाकाच्या अॅक्सलच्या वर पाणी असेल तर दुसरी वाट शोधा. तुमच्या गाडीत हवा कुठून आत ओढली जाते ती जागा एकदा सीट उघडून पाहून ठेवा, कारण ती तोटी बुडाली की खेळ संपला.

गाडी पाण्यात पडून बंद झाली तर स्टार्टर दाबू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. स्पार्क प्लग काढा, मग स्टार्टर दोन-तीनदा फिरवून पाणी बाहेर उडवा. ऑइल पातळ चहासारखं दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे. ते बदलल्याशिवाय लांबचा प्रवास करू नका.

घरी आल्यावर बरेच जण वॉशिंग सेंटर गाठतात, तिथे आणखी नुकसान होतं. जोराचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर, हँडलच्या कोनसेटवर (हँडल फिरतं त्या बेअरिंगवर) आणि मागच्या शॉकअपच्या जोडांवर मारला की चिखल निघतो आणि पाणी आत जातं. वर चमक यावी म्हणून डिझेलचा फवारा मारतात. त्याने रबर फुगतं, आणि ते ब्रेकवर उडालं तर ब्रेक लागत नाही. साधी बादली, स्पंज आणि कमी जोराची नळी बरी. पावसाळा संपला की स्विंगआर्म, शॉकअपच्या खालचे जोड आणि कोनसेट उघडून पुन्हा ग्रीस भरून घ्या. यात फक्त मजुरी जाते. न केल्यास ही बेअरिंगं गंजून जाम होतात, आणि मग महागडा शॉकअप बसवूनही मागचं चाक अडखळतच चालतं.

ई-२० पेट्रोलचं काय?

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल गेल्या काही काळात खूप चर्चा झाली. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी आणि धातूचे भाग त्याला चालतील असे बनवलेले आहेत. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असते, म्हणून मायलेज थोडं घटतं. अडचण जुन्या गाड्यांची आणि उभ्या राहणाऱ्या गाड्यांची आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी वाढलं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पावसाळ्यात अर्ध्या टाकीने महिनोन् महिने गाडी उभी ठेवू नका. जुनी गाडी असेल तर पेट्रोलच्या नळ्यांना बारीक भेगा पडल्यात का, ते दर सर्व्हिसिंगला बघा.

‘मग संरक्षणासाठी काहीच लावायचं नाही?’

लावायचं, पण कशापासून संरक्षण ते ठरवून. कच्च्यात गाडी पडते ती बहुतेक वेळा जागच्या जागी किंवा अगदी कमी वेगात, आणि पहिल्यांदा तुटतो तो क्लच किंवा ब्रेकचा लेव्हर. म्हणून आत धातूचा पट्टा असलेले हँडगार्ड ही माझ्या मते पहिली खरेदी. लेव्हरचे क्लॅम्प इतपतच आवळा, की पडल्यावर लेव्हर फिरेल, तुटणार नाही. दुसरी वस्तू इंजिनाखालची प्लेट. इंजिनाचं खालचं आवरण अॅल्युमिनियमचं असतं. टोकदार दगड लागून ते फुटलं की ऑइल तिथेच जमिनीवर. टूलकिटमध्ये एमसीलची कांडी असेल तर भेग बुजवून, नवं ऑइल टाकून गाव गाठता येतं.

जाड पाइपांच्या मोठ्या पिंजऱ्यासारख्या गार्डबाबत मात्र विचार करा. तो इंजिन किंवा चॅसिसला मोजक्या बोल्टांवर धरलेला असतो, आणि जोरात आपटल्यावर धक्का त्याच बोल्टांतून चॅसिसमध्ये उतरतो. शिवाय त्याचं वजन रोज, प्रत्येक चढावर वाहायचं.

वजनाचा प्रश्न सामानाशी जास्त जोडलेला आहे. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० मुळात १९६ किलोची आहे. तिच्यावर लोखंडी रॅक, दोन पेट्या आणि भरलेलं सामान चढवलं, की ती एकट्याने चिखलातून उचलता येईल का, हा प्रश्न घरूनच स्वतःला विचारायला हवा. मागे आणि उंचावर ठेवलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं, हँडल सैल वाटतं, मागची चॅसिस तडकू शकते. जड वस्तू खाली आणि सीटच्या जितक्या जवळ जातील तितक्या ठेवा. पत्र्याच्या पेटीखाली पडताना पाय सापडू शकतो; कापडी बॅग दबते. सामान वाढवलं की सॅग पुन्हा मोजायचा, हे विसरू नका.

उभं राहून चालवताना कंबर वाकत असेल तर हँडल वर घेणारे रायझर चांगले. बसवल्यावर हँडल दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून क्लच केबल आणि ब्रेकची नळी ताणत नाही ना, ते पाहा. जादा लाईट लावायचे तर स्वतंत्र फ्यूज आणि रिले हवेतच, मूळ वायर सोलून जोडकाम नको.

‘सगळेच बदल करतात, कायदा कोण बघतो?’

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. हँडगार्ड, बॅगा, इंजिनाखालची प्लेट अशा बोल्टने लावता-काढता येणाऱ्या वस्तूंनी नोंदणीतला तपशील बदलत नाही. इंजिनाची क्षमता वाढवणं, चॅसिस कापून जोडणं ही वेगळी बाब आहे. आवाजाचा सायलेन्सर ध्वनिमर्यादेतही बसत नाही. त्याने ताकद फारशी वाढत नाही आणि पाड्यावरच्या झोपलेल्या माणसांना त्रास होतो, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

विम्याचं लक्षात ठेवा. महागड्या वस्तू बसवल्या असतील तर कंपनीला लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो.

‘शोरूमला सर्व्हिसिंग देतो, तेवढं पुरत नाही का?’

रोज कामावर जाणाऱ्या गाडीसाठी पुरतं. पण सर्व्हिसिंगचं वेळापत्रक किलोमीटरवर चालतं, आणि चिखलातले पन्नास किलोमीटर हे डांबरावरच्या पन्नास किलोमीटरइतके सौम्य नसतात. कंपनाने बोल्ट सैल होतात. महत्त्वाचे नट एकदा नीट आवळून त्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढून ठेवा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. कच्च्यातून आल्यावर दहा मिनिटं त्या रेघा, स्पोक, चेन, ब्रेक पॅड आणि शॉकअपचे सील बघितले तर शोरूमलाही नेमकं काय करायचं ते सांगता येतं. चांगला मेकॅनिक अशा गिऱ्हाईकाचं काम जास्त लक्ष देऊन करतो.

गाडी कुठे न्यायची?

तयार झालेली गाडी कुठेही नेता येते असा समज पसरला आहे, आणि त्याची मला सर्वात जास्त काळजी वाटते. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथल्या पठारावर पावसाळ्यात मातीचा जेमतेम काही बोटांचा थर असतो आणि त्यात सेरोपेजिया अंजनेरिकासारख्या, जगात फार थोड्या जागी उगवणाऱ्या वनस्पती असतात. नॉबी टायर एकदा फिरला की तो थर निघून जातो आणि खाली कातळ उरतो. भाताच्या खाचरांचे बांध अरुंद वाटेसारखे दिसतात. गाडीने ते फुटले तर शेतकऱ्याचं पाणी वाहून जातं, रोपं वाळतात. बैलगाडीची वाट, पाड्याला जोडणारा कच्चा रस्ता, धरणाच्या कडेचा वापरातला मार्ग यांवर चालवायला या जिल्ह्यात वर्ष पुरणार नाही इतकी जागा आहे. खासगी माळ असेल तर मालकाला विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. पावसाळ्यातल्या गर्दीच्या ठिकाणी प्रशासन आणि वनविभाग वेळोवेळी बंदी घालतात, म्हणून शनिवारी निघायचं तर शुक्रवारीच चौकशी करा.